पत्ता बरोबर, वाट चुकलेली

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘संगणकतज्ज्ञ’ असं छापलं आहे. ती पत्रिका आईला दाखवली, तर तिने चष्मा लावून वाचली आणि विचारलं, “तू करतं काय वं तिथं दिवसभर?” नोकरीला वीस वर्षं उलटून गेल्यावर आईने हा प्रश्न विचारावा, यात चूक तिची नाही. मी कधी नीट सांगितलंच नाही. ‘सॉफ्टवेअर’ म्हटलं की घरचे मान डोलावतात आणि विषय संपतो.

म्हणून आज ठरवून आले आहे की तुम्हाला माझं काम सांगायचं. एका वाक्यात सांगायचं तर मी हरवलेली पत्रं शोधते. कोणीतरी दूरवरून एक विनंती पाठवतो: हे पान दाखवा, माझा अर्ज घ्या, माझा निकाल सांगा. ती विनंती सर्व्हरपर्यंत पोचते आणि आतल्या आत कुठेतरी भरकटते. ती कुठल्या वळणावर चुकली, हे शोधणं म्हणजे माझी नोकरी. यात एक चूक माझी स्वतःचीही आहे, आणि ती आपल्याच गावाशी येऊन भिडली. ती सांगायचीच आहे. पण आधी थोडं पोस्टाबद्दल बोलू, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत अर्जाच्या वर पत्ता लिहिला आहे. शेवटी पिन कोड नसला की बाई लाल रेघ मारायच्या. हा पिन कोड आपल्याकडे आला १५ ऑगस्ट १९७२ ला. तो तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. देशात एकाच नावाची असंख्य गावं, पत्ते लिहिणारे वेगवेगळ्या भाषांचे आणि वेगवेगळ्या अक्षरांचे, मग पत्र नेमकं कुठल्या गावी न्यायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. आपल्याच जिल्ह्याचं बघा ना. कळंब आपल्याकडे आहे, तसं धाराशिव जिल्ह्यातही आहे. नेर आपल्याकडे, आणि धुळ्याकडेही. आपल्याला ‘नेर परसोपंत’ म्हणावं लागतं.

वेलणकरांनी यावर सहा आकड्यांचा तोडगा काढला. पहिला आकडा विभागाचा. आपला ४, म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन आकडे मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा ठरतो. ४४४ म्हटलं की अमरावती-अकोल्याकडे, ४४५ म्हटलं की आपल्याकडे यवतमाळात. शेवटचे तीन आकडे नेमक्या पोस्ट ऑफिसचे. ४४५००१ यवतमाळ, ४४५२०२ दारव्हा, ४४५२०४ पुसद, ४४५३०४ वणी. मुंबईत पत्र निवडणाऱ्या माणसाला दारव्हा कुठे आहे हे माहीत असण्याची गरज नाही. त्याने फक्त सुरुवातीचे आकडे बघायचे आणि योग्य थैलीत टाकायचं. जसजसं पत्र जवळ येतं, तसतसा पुढचा आकडा कामाला येतो.

इंटरनेटवरचा पत्ता अगदी असाच डावीकडून उजवीकडे उलगडत जातो. पहिला भाग सांगतो की कुठल्या सर्व्हरकडे जायचं. हे झालं पोस्ट ऑफिस. त्यानंतरचा तुकडा सांगतो की त्या सर्व्हरवर चालणाऱ्या अनेक कार्यक्रमांपैकी कुठल्या कार्यक्रमाकडे जायचं. ही झाली पेठ. आणि उरलेला भाग सांगतो की त्या कार्यक्रमातल्या कुठल्या माणसाने हे काम करायचं. हे झालं घर. मी जावा भाषेत काम करते. तिथे या ‘माणसाला’ सर्व्हलेट म्हणतात. कोणता पत्ता आला की कोणत्या सर्व्हलेटकडे द्यायचा, याची यादी आम्ही आधी करून ठेवतो. पोस्टमनच्या डोक्यात जी यादी असते, ती आमच्याकडे एका फाइलमध्ये लिहिलेली असते.

ही यादी वाचण्याचा क्रम ठरलेला आहे. सर्व्हर आधी बघतो की तंतोतंत हाच पत्ता कोणाच्या नावावर आहे का. असेल तर विषय संपला. नसेल तर सुरुवात जुळते का ते बघतो, आणि जिथे जास्तीत जास्त लांबपर्यंत जुळते त्याला देतो. अगदी पिन कोडसारखं: नुसतं ४४ जुळण्यापेक्षा ४४५ जुळणं बरं. तेही नसेल तर पत्त्याचं शेपूट बघतो, म्हणजे फाइलचा प्रकार. आणि काहीच नाही जुळलं तर ज्याला कोणी वाली नाही ते सगळं घेणारा एक शेवटचा माणूस ठेवलेला असतो, त्याच्याकडे जातं. तंतोतंत, सुरुवात, शेपूट, शेवटचा. या चार पायऱ्या ज्याला पाठ आहेत, त्याची निम्मी डोकेदुखी गेली असं समजा.

इथे नवशिके कुठे चुकतात ते आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण घेऊन सांगते. आपल्याकडे तालुक्याचं नाव केळापूर, पण तालुक्याचं ठिकाण पांढरकवडा. इथल्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही. पण बाहेरून आलेला माणूस ‘केळापूर तालुक्याचं तहसील कार्यालय’ शोधत थेट केळापूरला जाऊन पोचला तर? सर्व्हरवरही नेमकं हेच होतं. फोल्डरचं नाव एक असतं, बाहेर जाहीर केलेला पत्ता दुसरा असतो. नवा मुलगा येतो आणि म्हणतो, “मॅडम, फाइल तर जागेवर आहे, मग पान का उघडत नाही?” मी त्याला सांगते, “बाळा, तू केळापुरात शोधतोयस. कचेरी पांढरकवड्यात आहे.” सर्व्हर फाइल कुठे पडली आहे ते बघत नाही. यादीत काय लिहिलं आहे ते बघतो.

अशा वेळी पडद्यावर जो आकडा येतो तो तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे: ४०४. लोक समजतात की साइट बंद पडली. उलट, ४०४ येणं म्हणजे साइट जिवंत असल्याचा पुरावा आहे. पत्र पोस्टात पोचलं, पोस्टमनने वाचलं आणि लिहून पाठवलं की या पत्त्यावर असं घर नाही. पोस्टच सापडलं नाही, तर आकडा येतच नाही. ब्राउझर स्वतःच हात वर करतो. आणि ५०० आला, तर घर सापडलं, दार उघडलं, पण आतला माणूस काम करता करता कोसळला. तीन वेगळी दुखणी आहेत, तीन वेगळ्या ठिकाणी शोधायची. ताप कुठला हे न बघता सगळ्यांना एकच गोळी देणारा डॉक्टर आपण शहाणा म्हणत नाही.

आता येते ती गोष्ट, जिच्यासाठी मी खरं म्हणजे उभी राहिले.

सर्व्हलेटकडे काम आलं, की ते पुढे पाठवण्याच्या त्याच्याकडे दोन पद्धती असतात. एकीला फॉरवर्ड म्हणतात, दुसरीला रिडायरेक्ट. आपल्या शाळेच्या ऑफिसातलं आठवा. बोनाफाइड हवं असायचं तेव्हा आपण खिडकीत अर्ज द्यायचो. कधी क्लार्क म्हणायचे, “थांब इथेच.” ते अर्ज घेऊन स्वतः आत हेडसरांकडे जायचे, सही आणायचे आणि त्याच खिडकीतून आपल्या हातात द्यायचे. आत कोण कोणाकडे गेलं, आपल्याला कळायचं नाही. आपण एकाच खिडकीसमोर उभे. हे फॉरवर्ड. आणि कधी म्हणायचे, “हे इथे नाही मिळत, त्या बाजूच्या खिडकीवर जा.” मग आपण स्वतः चालत जाऊन दुसऱ्या खिडकीवर पुन्हा विचारायचो. हे रिडायरेक्ट. पहिल्यात चालतो तो क्लार्क, दुसऱ्यात चालतो आपण.

दोन्हींचे फायदे-तोटे आहेत. रिडायरेक्टमध्ये आपण नव्याने विचारतो, त्यामुळे पहिल्या खिडकीवर जे काही ठेवलं होतं ते तिथेच राहतं. शकुंतलेने यवतमाळ किंवा दारव्ह्याहून मुर्तिजापूरला गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन लावलेली आपली ती अरुंद रुळांची गाडी मुर्तिजापूरला संपायची. तिथे उतरायचं, मुंबईकडे किंवा नागपूरकडे जाणारी मोठी गाडी पकडायची. शकुंतलेत विसरलेली पिशवी मोठ्या गाडीत आपोआप येत नव्हती. रिडायरेक्टचंही तसंच. सामान स्वतः सोबत न्यावं लागतं. फॉरवर्डमध्ये सामान बदलावं लागत नाही, डबा तोच राहतो. म्हणून आळशी माणसाला फॉरवर्ड आवडतं. मलाही आवडायचं.

२००७ ची गोष्ट. मी पुण्यात नोकरीला होते. आमच्याकडे एका संस्थेच्या शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन घेण्याचं काम होतं. अर्ज जतन करणारा भाग मी लिहिलेला. विद्यार्थ्याने अर्ज भरून बटण दाबलं की माझा सर्व्हलेट तो अर्ज नोंदवायचा आणि मग फॉरवर्ड करून ‘आपला अर्ज मिळाला’ हे पान दाखवायचा. चाचणीत सगळं चाललं. फक्त एक बारीक तक्रार होती: आभाराच्या पानावर बोधचिन्ह दिसत नाही, रंगही येत नाहीत, पान उघडंबोडकं दिसतं. मी त्या तक्रारीपुढे ‘कमी महत्त्वाची’ असं लिहिलं आणि पुढे गेले. चित्रच तर आहे, म्हटलं.

एके दिवशी दुपारी मला फोन आला. आपल्याच वर्गातला एक जण. तो आज इथेच बसला आहे, पण ‘माह्यं नाव घेऊ नको’ अशी त्याने मला सकाळीच ताकीद दिली आहे. तेव्हा तो सायबर कॅफे चालवायचा. दिवसाचे कित्येक तास लोडशेडिंग, उरलेल्या वेळात रखडत चालणारं नेट, आणि त्यात गावोगावच्या पोरांचे अर्ज भरून द्यायचे. फोनवर नमस्कार-चमत्कार काही नाही. थेट म्हणाला, “काय वं, ते शिष्यवृत्तीची साइट तुमच्याच कंपनीची हाय ना? आर्णीकडच्या होस्टेलच्या अकरा पोरींचे अर्ज बाद झाले. म्हणते दोनदा भरले. म्या सोताच्या हातानं भरले, एकेकदाच भरले.”

संस्थेचा नियम होता की एका विद्यार्थ्याचे दोन अर्ज आले तर दोन्ही बाद. फसवणूक होऊ नये म्हणून.

मी त्याला काय उत्तर दिलं असेल? आज सांगायला लाज वाटते. मी म्हटलं, “तूच दोनदा बटण दाबलं असशील.” इंजिनिअरचं पहिलं उत्तर नेहमी हेच असतं: आमचं बरोबर आहे, तुम्ही काहीतरी केलं असेल. तो चिडला नाही. म्हणाला, “बटन एकदाच दाबलं. पान अर्धवट आलं, ना फोटू ना रंग. वाटलं लाइन तुटली. म्हून रिफ्रेश केलं. तेच्यात माही काय चुकी?”

फोन ठेवला आणि मी जागीच बसून राहिले. कारण त्या एका वाक्यात त्याने माझी सगळी चूक नेमकी मांडली होती, एक शब्दही तांत्रिक न वापरता.

काय झालं होतं ते सांगते. फॉरवर्डमध्ये चालतो क्लार्क. ब्राउझरला काहीच कळत नाही. सर्व्हरने आतून आभाराचं पान आणून दिलं, पण ब्राउझरच्या दृष्टीने तो अजूनही ‘अर्ज जतन करा’ याच पत्त्यावर, त्याच खिडकीसमोर उभा. आता आभाराच्या पानात मी लिहिलं होतं, ‘बोधचिन्ह शेजारच्या फोल्डरमध्ये आहे’. कोणाच्या शेजारच्या? मी धरलं होतं, आभाराच्या पानाच्या. ब्राउझरने धरलं, तो उभा आहे त्या खिडकीच्या. तो तिथे शोधायला गेला, ४०४ आला, चित्र नाही, रंग नाही. म्हणून पान अर्धवट दिसलं. अर्धवट दिसलं म्हणून आपल्या मित्राने रिफ्रेश केलं. आणि रिफ्रेश म्हणजे काय? ज्या खिडकीसमोर उभा आहे तिथे तेच काम पुन्हा करणं. खिडकी होती ‘अर्ज जतन करा’. ब्राउझरने इंग्रजीत एक प्रश्न विचारला असणार की माहिती पुन्हा पाठवू का. अंधार पडायच्या आत अकरा अर्ज संपवायच्या घाईतला माणूस ‘हो’ म्हणणारच. दुसरा अर्ज गेला. दोन्ही बाद.

म्हणजे जी तक्रार मी ‘कमी महत्त्वाची’ म्हणून बाजूला सारली, ती आणि दुहेरी अर्ज ही एकाच चुकीची दोन टोकं होती. मी रिडायरेक्टच्या जागी फॉरवर्ड वापरलं होतं. मी अर्ज नोंदवून क्लार्कला पळवण्याऐवजी ब्राउझरला म्हणायला हवं होतं, ‘तुझं काम झालं, आता आभाराच्या खिडकीवर जा.’ मग चित्रही बरोबर जागी शोधलं गेलं असतं, आणि कोणी दहा वेळा रिफ्रेश केलं असतं तरी दहा वेळा आभारच आले असते.

सर्व्हर प्रत्येक विनंतीची नोंद ठेवतो. मी त्या नोंदी काढल्या. एकाच ठिकाणाहून आलेला अर्ज, लगेच मागे चित्रासाठी ४०४, आणि मिनिटा-दोन मिनिटांनी अक्षरशः तोच अर्ज पुन्हा. अकराच्या अकरा वेळा तोच क्रम. इतरही बरेच सापडले, वेगवेगळ्या जिल्ह्यांतून. सगळे मंद नेट असलेल्या भागांतले. शहरात पानाचं ते उघडं रूप क्षणात येऊन स्थिर व्हायचं, लोक मजकूर वाचून निघून जायचे. जिथे पान थांबत थांबत उतरत होतं, तिथेच लोकांना वाटायचं की काहीतरी राहिलं. चूक सगळ्यांसाठी सारखीच होती, पण तिची शिक्षा मात्र ज्यांच्याकडे वीज आणि नेट कमी, त्यांनाच झाली. हे मला कुठल्या पुस्तकात शिकायला मिळालं नाही.

मी वरिष्ठांकडे गेले आणि चूक माझी आहे असं सांगितलं. संस्थेला नोंदी दाखवल्या. त्यांनी समजून घेतलं, पहिला अर्ज ग्राह्य धरला. त्या अकरा मुलींचे अर्ज पुन्हा विचारात आले. नंतर आम्ही तीन गोष्टी केल्या. जतन केल्यावर रिडायरेक्ट. चित्रांचे पत्ते ‘शेजारी’ न लिहिता पार मुळापासून पूर्ण. आणि प्रत्येक कोऱ्या अर्जाला एकदाच वापरता येईल असा क्रमांक, म्हणजे तोच अर्ज पुन्हा आला तर यंत्रणेनेच ओळखावं आणि सौम्यपणे सांगावं, ‘तुमचा अर्ज आधीच मिळाला आहे.’

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण ती साइट त्याच्या आदल्या वर्षीही चालू होती, तोच सर्व्हलेट घेऊन. त्या वर्षीही ‘दुहेरी अर्ज’ म्हणून बाद झालेल्यांची यादी होती. शिष्यवृत्ती वाटून झाली होती. सर्व्हरच्या जुन्या नोंदी जागा लागते म्हणून पुसल्या गेल्या होत्या. त्या यादीतल्या किती जणांनी खरंच दोनदा अर्ज केला आणि किती जणांनी फक्त रिफ्रेश केलं, हे सांगायला काहीच पुरावा उरला नव्हता. त्यांच्यापैकी कोणाला वर्ग-सोबत्याच्या ओळखीने पुण्यात फोन करता आला नाही. त्या मुलांना मी काही देऊ शकले नाही. हे मी आजवर फार कोणाला सांगितलेलं नाही.

तेव्हापासून माझी काम करायची पद्धत बदलली. खरं तर बदलली नाही, आपल्या गणिताच्या सरांकडे परत गेली. सरांचा नियम तुम्हाला आठवतच असेल: उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतील, पण पायरी गाळली तर बरोबर उत्तराचेही गुण कापले जातील. मी नव्या मुलांना तसंच पायऱ्यांनी शोधायला लावते.

पहिली पायरी: तक्रार करणाऱ्याला चूक ठरवायचं नाही. त्याने काय पाहिलं ते त्याच्या शब्दांत लिहून घ्यायचं. ‘पान अर्धवट आलं’ यात उत्तर होतं.

दुसरी: पडद्यावर काय दिसतं ते सोडा, आकडा कोणता आला ते बघा. ४०४ की ५००, की २०० म्हणजे ‘सगळं ठीक’? माझ्या चुकीत अर्ज जतन झाल्याचा आकडा दोन्ही वेळा २०० होता. सर्व्हरच्या मते सगळं ठीकच चाललं होतं.

तिसरी: ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत काय लिहिलं आहे ते बघा. पत्ता बदलला असेल तर रिडायरेक्ट झालं, न बदलता पान बदललं असेल तर फॉरवर्ड. पाच सेकंदांचं काम आहे, पण यावर तासन्‌तास भांडणारे लोक मी पाहिले आहेत.

चौथी: यादी वाचा. तंतोतंत, सुरुवात, शेपूट, शेवटचा. यातला एक जुना सापळा सांगते. एखादा उत्साही माणूस सगळे पत्ते एकाच सर्व्हलेटच्या नावावर करतो. आमच्या भाषेत /* असं लिहितो. हा सर्व्हलेट काम करून पान दाखवायला फॉरवर्ड करतो. पण त्या पानाचा पत्ताही ‘सगळ्यांत’ मोडतो! म्हणून विनंती पुन्हा त्याच्याचकडे येते. तो पुन्हा पाठवतो. सर्व्हर दमून कोसळेपर्यंत हेच चालतं. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आणि फिरून पहिल्याच टेबलावर येणारी फाइल कुणी पाहिली नसेल, असा माणूस या सभागृहात नसावा. यावर औषध एका चिन्हाचं आहे: तारा काढायचा आणि नुसती तिरकी रेघ ठेवायची. मग तो ‘सगळं माझंच’ म्हणणारा उरत नाही, ‘ज्याचं कोणी नाही त्याचा मी’ असा होतो.

पाचवी: उत्तर एकदा निघालं की मागे घेता येत नाही. पत्र पाकिटात घालून शिक्का मारून टपालाच्या गाडीत चढलं, की त्यात ओळ वाढवता येत नाही. पानाचा काही भाग ब्राउझरकडे रवाना झाल्यावर फॉरवर्ड करायला गेलं, तर सर्व्हर साफ नकार देतो. कुठे पाठवायचं ते आधी ठरवा, मग बोलायला सुरुवात करा. ही पायरी घरातही उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

आणि सहावी: सगळं जागेवर असूनही सापडत नसेल, तर गावाचंच नाव बदललं का ते विचारा. २०२० मध्ये जावाच्या या सगळ्या साहित्याचं घराणंच बदललं. ‘जावाएक्स’ या आडनावाने चालणारे सगळे तुकडे ‘जकार्ता’ या आडनावाने ओळखले जाऊ लागले. टॉमकॅट नावाचा सर्व्हर आम्ही वापरतो. त्याच्या दहाव्या आवृत्तीपासून तो फक्त नवं आडनाव ओळखतो. जुना कार्यक्रम त्यावर ठेवला, तर यादी बरोबर, फाइल बरोबर, तरीही अनेकदा ४०४. आमच्याकडे एक हुशार मुलगी यावर दोन रात्री जागली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “मॅडम, पोस्टमनने पाट्या बदलल्यात आणि मी जुन्या नावानेच हाका मारतेय.” मला त्या दिवशी वाटलं की माझं काम तिच्याकडे सोपवायला हरकत नाही.

आता शेवटचं. १९९८ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी, ज्यांनी वेब तयार केलं त्यांनी, एक छोटं टिपण लिहिलं. त्याचा सारांश असा की चांगला पत्ता बदलत नाही. पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसं ते बदलतात. आणि बदलायचाच झाला, तर जुन्या दारावर पाटी लावून जावी: आम्ही आता इथे राहतो. आमच्याकडे त्या पाटीला ३०१ हा आकडा आहे. ‘कायमचं स्थलांतर’.

या मेळाव्याची यादी करताना आयोजकांना काय त्रास झाला, ते मला माहीत आहे. आपण सगळे पत्ते बदलून बसलो. पुणे, नागपूर, सुरत, कोणी दुबई. मुलींची तर आडनावंही बदलली. शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरं. पण सापडलो बहुतेक जण. कारण प्रत्येकाच्या जुन्या दारावर कोणीतरी होतं, जे सांगत होतं, ‘ती आता तिकडे राहते.’ कोणाची आई, कोणाचा किराणा दुकानदार, कोणाचा रिक्षावाला काका. ही माणसंच आपली ३०१.

आणि एक विनंती. आज तुमच्यापैकी कित्येक जण शाळांत, बँकांत, ग्रामपंचायतीत, सेतू केंद्रात बसता. रोज कोणाचा तरी अर्ज तुमच्या हातातून पुढे जातो. कोणी येऊन म्हणालं की ‘पान अर्धवट आलं’, तर ‘तुम्हीच काहीतरी केलं असेल’ हे माझं वाक्य उसनं घेऊ नका. मी ते एकदा वापरून पाहिलं आहे, ते चुकीचं निघालं.

त्या अकरा जणींपैकी एक आज नर्स आहे, असं मला आपल्या मित्राने मघाशी चहा पिताना सांगितलं. मी विचारलं, “तिला सांगितलंस का कधी, चूक कोणाची होती ते?” तो म्हणाला, “कायले? अर्ज तं गेला ना.”

सर, बाई, तुम्ही पायऱ्या लिहायला शिकवल्या. काही पायऱ्या मी गाळल्या, त्याची कबुली आज तुमच्यासमोर दिली. गुण किती द्यायचे ते तुम्ही ठरवा.